न आलेलं पत्र

रविवारी सकाळी साडेदहाला ठाण्यातल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचं ऑफिस उघडतं. ऑफिस म्हणजे मीटर रूमला लागून काढलेली आठ बाय दहाची खोली. लोखंडी कपाट, भिंतीवर पाण्याचं वेळापत्रक, गणपतीच्या वर्गणीची जुनी पावतीपुस्तकं आणि टेबलावर तारीख फिरवायचा ‘आवक’ शिक्का. इमारतीत ४२ फ्लॅट. मानद सेक्रेटरी गेली ११ वर्षं तेच : बँकेतून निवृत्त, हिशेबाला चोख, कोणाच्या घरी रात्री गळती लागली तर शिडी धरायला हजर. त्यांची भाची वकील आहे, सहकार न्यायालयात आणि हायकोर्टात तिची कामं चालतात. मामीनं बोंबील आणलेत म्हणून ती आली आहे आणि जेवायला अवकाश आहे म्हणून मामांच्या मागोमाग खाली येऊन बसली आहे.

टेबलावर एक पत्र पडलंय. फ्लॅट ३०४ चे मालक बंगळुरूला असतात. फ्लॅट लीव्ह अँड लायसन्सवर दिल्याचं त्यांनी कळवलंय. सोबत नोंदणीकृत कराराची प्रत आहे, पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत आहे. राहायला येणारं कुटुंब तिघांचं : नवरा खासगी बँकेत, बायको नर्स, मुलगी शाळेत. त्यांचं आडनाव इथं लिहायची गरज नाही. ते वाचून कमिटीतले एक सदस्य ‘जरा थांबूया’ म्हणाले, एवढं पुरे.

पत्र मंगळवारी आलं. टेबलावरच्या बाकी सगळ्या कागदांवर आवक शिक्का आहे, या एकावर नाही.

“हे काय?” भाचीनं विचारलं.

“पेंडिंग आहे.”

“पेंडिंग असायला आधी यावं लागतं. शिक्काच नाही.”

“शिक्का मारला की आलं म्हणायचं. मग दिवस मोजायला लागतात,” मामा म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

मॉडेल उपविधींचं पुस्तक कपाटात होतंच. फ्लॅट भाड्यानं द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचं, कराराची प्रत द्यायची, पोलिसांना माहिती द्यायची. तरीही महाराष्ट्रातल्या हजारो इमारतींत ‘सोसायटीची एनओसी’ नावाचा एक अदृश्य दरवाजा उभा असतो, आणि त्याची किल्ली कमिटीकडे असते, असं सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. मामांनाही हे पाठ आहे. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाहीत, हा सरकारी आदेश त्यांनीच एकदा सर्वसाधारण सभेत वाचून दाखवला होता.

“नियम मला सांगू नकोस,” ते म्हणाले. “मी कोणाला नाही म्हटलेलं नाही. माझा स्वतःचा काहीच आक्षेप नाही. पण लोक ऐकणार नाहीत. मी सेक्रेटरी, पगार शून्य. उद्या दोन जणांनी मेंटेनन्स अडवला तर लिफ्टवाल्याला पैसे कुठून देऊ?”

भाचीनं यावर कलम काढलं नाही, तिनं बडोदा काढलं. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानात नोकरीला गेले. राहायला जागा मिळेना, म्हणून एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक जिन्यात उभे राहिले. संध्याकाळपर्यंत जागा सोड, म्हणाले. बाबासाहेबांनी आपल्या दोन ओळखीच्यांना आसरा मागितला, एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको उद्या यायची आहे, तिला विचारतो. त्यांनी कामाठी बागेत झाडाखाली काही तास काढले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली.

“काठ्यावाल्यांचं सोड,” ती म्हणाली. “त्या दोन मित्रांकडे बघ. दोघं शिकलेले, दोघं सज्जन. एकानंही स्वतःच्या तोंडानं नाही म्हटलं नाही. एकाचे नोकर नाही म्हणत होते, एकाची बायको. तुझी कमिटी.”

मामा गप्प झाले नाहीत. अकरा वर्षं सर्वसाधारण सभा चालवलेला माणूस इतक्यात गप्प होत नसतो.

“पारशांचाच विषय काढलास, तर पुरता काढ. अहमदाबादची केस विसरलीस का?”

ती विसरलेली नव्हती. झोरोॲस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी १९२६ ची. सभासदत्व फक्त पारशांना, असं तिच्या उपविधीत लिहिलेलं. एका सभासदाला आपला बंगला पाडून बांधकाम करायचं होतं, त्यातून वाद कोर्टात गेला. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २००५ मध्ये उपविधी वैध ठरवला. मूलभूत हक्कांतलं समतेचं कलम राज्यसंस्थेवर बंधन घालतं, आपखुशीनं एकत्र आलेल्या संस्थेवर नाही. संस्था स्थापन करण्याचं स्वातंत्र्यही घटनेनंच दिलंय. हे धोरण बदलायचं तर ते विधिमंडळाचं काम, असा त्या निकालाचा रोख होता.

“आणि त्यात चूक काय आहे?” मामांचा आवाज आता सभेतला झाला. “२०११ च्या जनगणनेत देशभरात मिळून पारशी ५७,२६४. आपल्या ठाण्याच्या एका उपनगरात त्याहून जास्त माणसं असतील. त्यांनी एकत्र राहू नये? गावदेवीची सारस्वत सोसायटी बघ. १९१५ साल, रावबहादूर तळमकींनी पुढाकार घेतला. कारवार-मंगळूरकडून मुंबईला आलेल्या कारकुनाला चाळीत धड खोली मिळत नव्हती, तेव्हा आपल्या माणसांनी आपल्या माणसांसाठी घर बांधलं. दादरची पारशी कॉलनी तशीच. या देशातली गृहनिर्माण सहकाराची चळवळ जातीच्या खांद्यावर बसून आली, हे तुला आवडो न आवडो. परक्या शहरात ओळख लागते गं. ती ओळख कायद्यानं गुन्हा ठरवणार का तुम्ही?”

हा मुद्दा पोकळ नव्हता आणि भाचीनं तो झटकलाही नाही. दुबळ्यानं आपल्या माणसांची भिंत करून वारा अडवणं वेगळं, एवढं तिनं मान्य केलं. पण तळमकींच्या काळातली सोसायटी अनेक पर्यायांतला एक पर्याय होती. आज मुंबई-ठाण्यात फ्लॅट घ्यायचा म्हणजे सोसायटीतच घ्यायचा. “आणि तुझी सोसायटी आपखुशीनं एकत्र आलेली कधी होती? बिल्डरनं पेपरात जाहिरात दिली, ज्याच्याकडे पैसे होते त्यानं फ्लॅट बुक केला. ४२ जणांत आडनावं किती प्रकारची आहेत ते मेंटेनन्सच्या यादीत बघ. अहमदाबादच्या सोसायटीच्या उपविधीत अट लिहिलेली तरी होती. तुझ्या उपविधीत नाही. तुम्ही ती मनातल्या मनात लिहिताय.”

इथे कायद्याची रचनाच पाहण्यासारखी आहे. घटनेच्या कलम १५ चा पहिला भाग सरकारला बांधतो, दुसरा भाग मात्र नागरिकांनाही. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते इथं धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणालाही अडवता येत नाही. संविधान सभेत ‘दुकान’ म्हणजे काय, असा प्रश्न निघाला, तेव्हा बाबासाहेबांनी तो शब्द व्यापक अर्थानं घ्यावा असं सांगितलं : जो येईल त्याला आपली सेवा द्यायला जो बसला आहे, त्याची जागा. धोबी आणि न्हावी त्यात आले. पुढे २०११ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं याच अर्थाचा आधार घेऊन खासगी शिक्षणसंस्थांनाही या कलमाच्या कक्षेत धरलं. त्या यादीत तळं आहे, चहाचं हॉटेल आहे. ‘घर’ हा शब्द मात्र नाही.

“बरोबरच आहे,” मामा म्हणाले. “तळं गावाचं असतं. घर माझं असतं.”

“तू राहतोस ते घर तुझं. ३०४ मध्ये तू कुठे राहतोस? आणि ज्यांचं आहे त्यांनी तर हो म्हटलंय.”

अमेरिकेनं ही रेघ कशी ओढली, ते तिनं सांगितलं. मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल १९६८ ला हत्या झाली आणि बरोबर आठवड्यानं, ११ एप्रिलला, घरांच्या बाबतीतल्या भेदभावाविरुद्धच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली. तो कायदा करतानाही मामांचाच प्रश्न आला होता. एखाद्या म्हाताऱ्या बाईनं आपल्या राहत्या घरातली एखादी खोली भाड्यानं दिली, तर तिच्यावर सरकारनं भाडेकरू लादायचा का? त्या काल्पनिक बाईला तिथल्या चर्चेत ‘मिसेस मर्फी’ हे नाव पडलं, आणि मालक स्वतः राहत असलेल्या चारपर्यंत घरांच्या इमारतीला त्या कायद्यातून सूट मिळाली. गंमत म्हणजे जाहिरातीला ही सूट नाही. कोणाला ठेवायचं ते मर्फीबाईंनी मनाशी ठरवावं, पण ‘अमक्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी लावायची नाही.

“तू वरच्या खोलीत पेइंग गेस्ट ठेव, कोणालाही ठेव, नको असेल त्याला ठेवू नकोस,” ती म्हणाली. “तिथे मी कायदा घेऊन येणार नाही. पण तुझी सोसायटी म्हणजे मर्फीबाई नाही. ती कायद्यानं नोंदलेली संस्था आहे. सरकार तिचं ऑडिट करवून घेतं, निवडणुकीचे नियम घालून देतं.”

मामांनी बोटं मोजायला सुरुवात केली. कायदे कमी आहेत का, हा त्यांचा सवाल. मालकाला वाटणारी भीती कोणी बघत नाही. १९४७ चा मुंबई भाडे कायदा आला, १९४० ची भाडी गोठली, आणि पागडीतले भाडेकरू तीन पिढ्या हलले नाहीत. म्हणून मालक आडनाव बघतो, नोकरी बघतो, लग्न झालंय का बघतो. भाचीनं एका वाक्यात उत्तर दिलं : १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ मध्ये मुदत संपून न हटणाऱ्या लायसन्सीला बाहेर काढायला सक्षम प्राधिकारी आहे, आणि तोवर दुप्पट रक्कम भरायची तरतूद आहे. भीतीवर औषध आलेलं आहे, पथ्य मात्र आडनावाचंच चालू आहे.

मग तिनं कायद्यांची शिडी पायरी पायरीनं उतरून दाखवली.

सभासद व्हायचं असेल, म्हणजे फ्लॅट विकत घ्यायचा असेल, तर पायरी भक्कम आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर तो माणूस सभासद झाला असं कायदा मानतो. नाकारलं तर निबंधकाकडे अपील. गंमत अशी की या तरतुदीत जातिधर्माचा उच्चारही नाही, आणि तरी सोसायट्यांच्या दारातला भेदभाव अडवायला तीच सगळ्यांत जास्त कामी येते. कारण ती हेतू सिद्ध करायला लावत नाही, कारण लिहून मागते.

भाड्यानं राहायचं असेल तर पायरी डुगडुगते. ३०४ च्या मालकांना सोसायटीनं अडवलं तर ते उपनिबंधकाकडे, सहकार न्यायालयात जाऊ शकतात. हक्क त्यांचा. ज्या कुटुंबाचं सामान टेम्पोत भरायचं आहे, त्यांचा सोसायटीशी कायद्यानं काही संबंधच नाही. आणि उद्या मालकानंच आडनाव ऐकून फोन ठेवला तर?

अनुसूचित जातीच्या माणसासाठी १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे. कोणत्याही वस्तीत घर बांधायला, घ्यायला, तिथं राहायला अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी केली तर तो गुन्हा. पीडित अनुसूचित जातीचा असेल तर ते कृत्य अस्पृश्यतेतूनच झालं असं कोर्ट गृहीत धरतं, उलट सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड.

“पाचशे?” मामांना राहवलं नाही. “आमचा चुकीच्या पार्किंगचा दंड त्याहून जास्त आहे.”

एचआयव्हीबाधित व्यक्तीला घर नाकारायला २०१७ च्या कायद्यानं मनाई आहे. तृतीयपंथी व्यक्तीला घर विकायला किंवा भाड्यानं द्यायला नकार देण्यावर २०१९ च्या कायद्यात बंदी आहे, पण त्याच कायद्याच्या शिक्षेच्या कलमात घर नाकारण्याचा उल्लेख नाही. आणि खासगी मालकानं धर्मावरून, भाषेवरून, लग्न न झाल्यावरून किंवा ताटात काय आहे त्यावरून घर नाकारलं, तर बोट ठेवावं असा स्वतंत्र कायदाच देशात नाही.

“महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केलाय की, २०१६ चा. तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे त्यात.”

“आहे. देशातला तो तसला पहिला. पण तो जातपंचायतीनं आपल्याच माणसाला वाळीत टाकलं तर. जातीतून बाहेर काढलेल्याला तो आत घेतो. जो कधी आत नव्हताच, त्याच्यासाठी त्यात काही नाही.”

वरून फोडणीचा वास आला. मामांनी घड्याळ पाहिलं आणि मूळ मुद्द्यावर आले. त्यांना तो सकाळपासून मांडायचा असावा. “कायद्यानं काय होतं ते महाडला दिसलं,” ते म्हणाले. “१९२३ साली बोल्यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनं पुढच्या वर्षी चवदार तळं खुलं केलं. कागदावर! एक माणूस पाण्याला गेला नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन चालत गेले, तेव्हा तळं खुलं झालं. ठरावानं नाही, पायांनी.”

“आणि त्यानंतर लोकांनी तळं गोमूत्र-शेण ओतून शुद्ध करून घेतलं, कोर्टातून मनाईहुकूम आणला. खटला दहा वर्षं चालला. मार्च १९३७ मध्ये हायकोर्टानं शेवटचा निकाल दिला, की अनादी रूढीचा दावा सिद्ध होत नाही. पायांनी तळं एक दिवस खुलं झालं, मामा. ते खुलं राहायला निकाल लागला. आणि बाबासाहेब स्वतः त्या खटल्यात प्रतिवादी होते. त्यांना दोन्ही लागलं.”

“पण तळ्यावर चार लोक बघतात. घराचा नकार फोनवर असतो. ‘फ्लॅट गेला.’ झालं! कसला कायदा लावशील? कायदा कडक केलात की नकार आणखी गोड होईल, इतकंच.”

मामांचं हे म्हणणं या विषयातलं सगळ्यांत अवघड म्हणणं आहे. दलालांच्या बोलीत त्याचा शब्दकोशच तयार आहे. ‘फॅमिली कोण?’ म्हणजे धर्म कोणता. ‘खाणंपिणं कसं?’ म्हणजे जात कोणती. ‘पूर्ण नाव सांगा’ म्हणजे आडनाव सांगा. ‘मालक परदेशात आहेत, विचारून सांगतो’ म्हणजे नाही. यातलं एकही वाक्य कोर्टात उभं राहत नाही.

तरीही ते पकडायची एक युक्ती जगाला सापडलेली आहे : दोन फोन. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात एका घरं भाड्यानं देणाऱ्या कंपनीकडे एक कृष्णवर्णीय बाई आणि एक गोरा पुरुष असे दोन परीक्षक गेले. एकीला जागा नाही म्हणाले, दुसऱ्याला आहे म्हणाले. दोघांनाही घर नकोच होतं. १९८२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की खरी माहिती मिळणं हाच हक्क आहे. जिला खोटं सांगितलं गेलं तिला घर नको असलं, तरी ती दावा लावू शकते.

“म्हणजे खोटं बोलून खरं काढायचं,” मामा म्हणाले. त्यांना ही पद्धत फारशी आवडलेली दिसली नाही, पण बँकेतल्या माणसाला ती कळली.

हीच युक्ती आपल्याकडे नोकरीच्या बाबतीत वापरली गेली. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण-अनुभव तोलामोलाचा, फरक फक्त नावात. उच्चवर्णीय हिंदू नावाशी तुलना करता दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधीच्या वर्षी सच्चर समितीनं समान संधी आयोग नेमावा असं सुचवलं होतं. २००८ मध्ये माधव मेनन यांच्या तज्ज्ञगटानं त्याचा मसुदाही दिला. आयोग झाला नाही. घर, नोकरी, सार्वजनिक जागा या सगळ्यांना एका छत्राखाली घेणारं भेदभावविरोधी विधेयक शशी थरूर यांनी लोकसभेत खासगी विधेयक म्हणून आणलं. ती लोकसभा संपली तसं तेही संपलं.

“म्हणजे तुमच्या लोकांनाही ते नकोच होतं,” मामा म्हणाले.

“कोणालाच नको असतं. प्रत्येकाला फक्त आपल्यापुरतं हवं असतं.” भाचीनं फोन काढला. “सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना ऑफिसला जागा नाकारली, तो व्हिडिओ मला पहिल्यांदा कोणी पाठवला होता? तूच. सोबत तीन लाल चेहरे. वर मेसेज, ‘आपल्याच मुंबईत?’”

मामांना मेसेज आठवत होता. पुढचं त्यांनी आपणहून सांगितलं, काहीसं पत्राकडे बघत. १९८९ साल. नवीन लग्न, पूर्व उपनगरातल्या एका इमारतीत टोकन देऊन झालं होतं. कमिटीच्या लोकांनी चहाला बोलावलं. चहा झाला, बिस्किटं झाली. निघताना एकानं विचारलं, ‘तुमच्याकडे मासे होतात का हो?’ दुसऱ्या दिवशी बिल्डरच्या माणसानं टोकन परत केलं. काही बोलला नाही. “चहा चांगला होता,” मामा म्हणाले. “आलं घातलेला. माझ्या ते फार लक्षात राहिलंय.”

“लेखी काही दिलं होतं?”

“छे.”

थोडा वेळ पंख्याचा आवाज होता. मग मामांनीच धागा उचलला, कारण त्यांना पराभव मान्य नव्हता, आणि तो झालेलाही नव्हता. नाकारलं गेल्यावर त्यांनी कोर्ट धरलं नाही, ठाणे धरलं. इथे मासे खाणाऱ्यांची वस्ती होती. विलेपार्ल्यातली मंडळी आता नव्या इमारतींत मराठी माणसासाठी निम्मे फ्लॅट राखून ठेवा म्हणतात, ती मागणी त्यांना आतून पटते. दुसऱ्यानं दार लावलं की आपण आपलं दार बांधावं, कायद्याच्या तोंडाकडे बघत बसू नये. आणि खास कायदा केला की त्या समाजाकडे संशयानं बघायची सवय लागते, हेही त्यांना दिसतं. अमेरिकेतल्या सिॲटल शहरानं फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, नोकरीत, घरात, सार्वजनिक जागी. प्रस्ताव आणणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. तिथल्याच काही हिंदू संघटनांनी विरोध केला, की यानं आमच्याकडेच बोट दाखवलं जातं. कॅलिफोर्नियाचं तसंच विधेयक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यपाल न्यूसम यांनी परत पाठवलं, आहे त्या कायद्यात हे येतंच असं सांगून.

“पाहिलंस? तिथला राज्यपालही म्हणतो, आहेत ते कायदे पुरे,” मामा म्हणाले.

“त्यांच्याकडे आहेत म्हणून तो म्हणू शकला. वंशावरून, कुळावरून, धर्मावरून घर नाकारायचं नाही, हे तिथे आधीच कायद्यात लिहिलेलं आहे. तुझ्याकडे काय लिहिलेलं आहे?” तिनं टेबलाकडे बोट केलं. “हे पत्रसुद्धा आलेलं नाही.”

मामांचा मोबाइल वाजला. ‘जरा थांबूया’वाले सदस्य होते. स्पीकर चालू नव्हता, पण खोली आठ बाय दहाची होती. पुढच्या मीटिंगला विषय ठेवू, तोवर मालकांना सांगा की टाकीचं काम निघालंय, नवीन बिऱ्हाड महिनाभर नको. तुम्ही आपले कमिटीच्या नावानं कळवा.

“टाकीचं काम दिवाळीत झालं,” मामा म्हणाले. पलीकडून काहीतरी बोलणं झालं. “नाही, ते खरं आहे. लोक नाराज होतील, मला माहीत आहे. मीटिंगला बोला. मीही बोलीन, माझी मतं तुम्हाला ठाऊक आहेत.” फोन ठेवून ते थोडा वेळ शिक्क्याकडे बघत राहिले.

मग त्यांनी तो उचलला. तारखेचं रबरी चाक अंगठ्यानं फिरवलं. रविवारच्या तारखेवर थांबले.

“आजची टाकू?”

“आलं कधी?”

चाक मागे फिरायला जरा घट्ट होतं. शनिवार, शुक्रवार, गुरुवार, बुधवार. मंगळवारवर आलं. शाईच्या पॅडवर दोनदा दाबून त्यांनी पत्राच्या उजव्या कोपऱ्यात शिक्का मारला, आवक नोंदवही ओढली, क्रमांक घातला. पोच लिहायला कोरा कागद घेतला. ‘आपले पत्र मिळाले,’ एवढं लिहून पेन थांबलं.

“खाली काय लिहू? ‘कमिटीच्या वतीनं’?”

“सेक्रेटरी तू आहेस.”

मामांनी सही केली. खाली कंसात पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. वरून मामीनं दुसऱ्यांदा हाक मारली, बोंबील गार होतायत म्हणून.